पिळलेलं आतडं आणि दयेचा प्रश्न

घोड्याला ओकारी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं पुन्हा वर यायला वाटच नसते. पुढची वाट बंद झाली की जठर फुगत जातं, आणि वेळेवर नाकातून नळी घालून ते रिकामं केलं नाही तर फाटतं. जठरापुढे वीस-पंचवीस मीटर लहान आतडं, मग गवत आंबवणारी प्रचंड पिशवी आणि त्यानंतर दुमडून बसवलेलं मोठं आतडं. या मोठ्या आतड्याचा बराचसा भाग पोटाच्या भिंतीला बांधलेलाच नसतो. दिवसभर थोडं थोडं चरणाऱ्या, सतत चालणाऱ्या प्राण्याला ही रचना पुरून उरली. तबेल्यात उभं राहून दिवसातून दोन-तीनदा चंदी खाणाऱ्या घोड्याला ती कधी कधी जिवावर बेतते.

आतड्याला पीळ पडला की सगळ्यात आधी दबतात त्या पातळ भिंतीच्या शिरा. धमन्यांची भिंत जाड, त्यांच्यातला दाबही जास्त, त्यामुळे त्या काही काळ रक्त आत ढकलतच राहतात. येणारं येत राहतं आणि जाणारं अडतं. आतड्याची भिंत सुजते, जांभळी होते, मग काळी पडते. म्हाताऱ्या घोड्यांमध्ये चरबीची एखादी गाठ लांब देठावर लोंबत वाढते आणि तो देठच आतड्याभोवती आवळला जातो. लाकूड दातांत धरून हवा गिळायची खोड असलेल्या घोड्यांत लहान आतडं यकृताजवळच्या एका अरुंद फटीत शिरून अडकण्याचा धोका जास्त. नुकत्याच व्यालेल्या घोडीला भीती असते ती मोठं आतडं गरकन फिरण्याची. असा पूर्ण पीळ पडला की तीन-चार तासांत आतलं अस्तर वाचवण्यापलीकडे जातं.

तीन-चार तास. शहाण्या माणसांनी शतकानुशतकं ज्या प्रश्नावर वाद घातला, त्याचं उत्तर इथे एवढ्या वेळात द्यावं लागतं. तळमळणाऱ्या मुक्या जिवाला वाचवण्यासाठी आणखी किती यातना द्यायच्या? आणि वाचत नसेल तर त्याला मरण देणं ही दया की हिंसा?

या प्रश्नावर आपल्याकडचा सर्वांत गाजलेला वाद झाला तो घोड्यावरून नव्हे, वासरावरून. 1928 साली साबरमती आश्रमातलं एक वासरू जायबंदी होऊन पडलं. कूस बदलणंही त्याला सोसवेना, डॉक्टरांनी हात टेकले. आश्रमातल्या लोकांशी चर्चा करून गांधीजींनी त्याला विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. ते स्वतः तिथे हजर होते. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. मग ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मधून त्यांनी ही गोष्ट स्वतःच जाहीर केली, आणि संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. जो जीव निर्माण करता येत नाही तो घेण्याचा अधिकार कुणी दिला, हा त्यातला मुख्य आक्षेप. गांधीजी मागे हटले नाहीत. प्राण घेणं प्रत्येक वेळी हिंसाच असतं असं नाही, हेतू आणि परिस्थिती पाहावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच लेखात पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचा प्रश्न घेऊन, आपल्या फायद्यासाठी मारणं ही मात्र हिंसाच, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

त्या वादाच्या ओघात त्यांनी चार अटी मांडल्या. रोग असाध्य असावा. संबंधित सगळ्यांनी आशा सोडलेली असावी. कोणतीही मदत किंवा सेवा उपयोगी पडण्यासारखी नसावी. आणि ज्याच्याविषयी निर्णय होतोय त्याला स्वतःची इच्छा सांगणं अशक्य असावं. यातली एकही अट अपुरी असेल तर प्राण घेणं अहिंसेत बसत नाही.

या अटी घेऊन आजच्या घोड्यांच्या दवाखान्यात गेलं की पहिल्याच अटीपाशी पाय अडखळतो. 1928 मध्ये आतड्याला पीळ पडलेला घोडा असाध्यच होता. जगाच्या पाठीवर कुठेही त्याला वाचवण्याचा भरवशाचा मार्ग नव्हता. गेल्या पन्नास-साठ वर्षांत तो मार्ग निघाला. घोड्याला भूल देऊन, चारही पाय बांधून यारीनं उचलतात, गादीवर उताणं ठेवतात आणि पोटाच्या मध्यरेषेवर चीर देतात. पीळ सोडवतात. मेलेला भाग कापून दोन निरोगी टोकं एकमेकांना शिवतात. लहान आतड्याचा निम्म्यापर्यंत भाग गेला तरी घोडा तग धरू शकतो. वेळेत आणलेले आणि भूल उतरून पायांवर उभे राहिलेले बहुतेक घोडे घरी परततात. अहिंसेच्या दृष्टीनं याचा अर्थ फार मोठा आहे. जे मरण काल दया म्हणून देता आलं असतं, तेच आज, शस्त्रक्रिया हाताशी असताना, घाई ठरू शकतं. तत्त्व तेच राहिलं, त्याची हद्द मात्र शल्यविशारदांनी सरकवली.

ही हद्द शेवटी जिथे ठरते ती जागा डोळ्यांना दिसत नाही. आतड्याचं आतलं अस्तर मखमलीसारखं असतं. त्यावर सूक्ष्म अंकुर उभे असतात आणि प्रत्येक अंकुरावर पेशींचा एकच थर. अन्नरस आत घ्यायचा आणि आतड्यातले कोट्यवधी जिवाणू रक्तापासून लांब ठेवायचे, ही दोन्ही कामं हा एकेरी थर करतो. रक्त तुटलं की आधी अंकुराचं टोक उपाशी पडतं. टोकावरच्या पेशी खालच्या आधारापासून सुटतात आणि गळून पडतात. मग सुरू होतं ते खरोखर थक्क करणारं आहे. अंकुर स्वतःला आखडून घेतो, म्हणजे उघडी पडलेली जागा कमी होते. कडेच्या जिवंत पेशी चपट्या होऊन त्या जागेवर सरकत येतात आणि काही तासांत जखम झाकतात. मात्र त्यासाठी अंकुराच्या तळाशी, जिथे नव्या पेशी जन्मतात तिथे, जीव शिल्लक असावा लागतो. तळ मेला की आतडं दिसायला अखंड असलं तरी गेलेलंच. जिवाणूंची विषं रक्तात उतरतात आणि घोडा त्या विषानं कोसळतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभा असलेला डॉक्टर हे थेट पाहू शकत नाही. पीळ सोडवल्यावर आतड्याचा रंग परततो का, धमनीत ठोका लागतो का, चीर दिल्यावर कडेतून ताजं लाल रक्त येतं की काळपट थेंब, यावरून तो अंदाज बांधतो. काही ठिकाणी अस्तराचा तुकडा तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तरीही चुकण्याला जागा उरतेच. ‘असाध्य’ हा निवाडा आकाशातून आलेला नसतो. तो एका माणसानं, मर्यादित खुणांवरून, हातातल्या वेळात केलेला असतो. म्हणूनच त्याला नैतिक वजन आहे.

त्यात आणखी एक पेच आहे. रक्त पुन्हा सुरू होणं हीच नेहमी सुटका नसते. उपाशी राहिलेल्या पेशींत काही रसायनं साठून राहतात. प्राणवायू अचानक परतला की त्यांच्यापासून पेशींनाच जाळणारे रेणू तयार होतात. 1981 च्या सुमारास मांजराच्या आतड्यावर झालेल्या प्रयोगांतून हे ठळकपणे पुढे आलं. घोड्यात या दुसऱ्या इजेचा वाटा किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत; पिळाच्या दुखण्यात बहुतेक नाश आधीच झालेला असतो, असं मानणारे बरेच आहेत. रक्तप्रवाह एकदम न सोडता थांबत थांबत सोडून पाहण्याचे प्रयोगही घोड्यांवर झाले आहेत. मदत कोणत्या वेगानं करावी, याचाही अभ्यास करावा लागतो.

वेदना थांबवण्याच्या औषधाचंही तसंच. घोड्याच्या पोटदुखीवर जगभर वर्षानुवर्षं वापरलं जाणारं औषध म्हणजे फ्लुनिक्सिन. ते वेदना उत्तम शमवतं, रक्तातल्या विषांचे काही परिणामही आटोक्यात ठेवतं. पण वेदना वाढवणारी जी रसायनं ते रोखतं, त्यांच्यातलीच काही रसायनं आतड्याच्या अस्तराच्या फटी बुजवण्याच्या कामाची असतात. 2000 नंतरच्या दशकात घोड्यांच्या आतड्यांवरच झालेल्या प्रयोगांत फ्लुनिक्सिनमुळे ही डागडुजी रेंगाळताना दिसली. सोबत लिडोकेन हे बधिर करणारं औषध दिल्यावर ती पुन्हा सुधारली. फिरोकॉक्सिबसारखी निवडक परिणाम करणारी औषधं अस्तराला कमी त्रास देतात, असंही आढळलं. मग वेदना तशीच सोसू द्यायची का? अजिबात नाही. वेदनेनं वेडा झालेला पाचशे किलोचा प्राणी स्वतःला भिंतीवर आपटून घेतो. पण वेदना गेली की दया पुरी झाली, ही समजूत इथे टिकत नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट तबेल्यातल्या प्रत्येक मोतद्दाराला सांगायला हवी. पोटशूळ झालेला घोडा पायानं जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे बघतो, वरचा ओठ उलटा करतो, घामाघूम होऊन लोळतो. एरवी मिनिटाला तीस-चाळीस असलेले हृदयाचे ठोके साठ-ऐंशीच्या वर जातात. पोटातून सुईनं काढलेला, एरवी फिकट पिवळा आणि नितळ असणारा द्रव लालसर होतो. आणि मग कधी कधी, तासन्‌तास तडफडलेला घोडा अचानक शांत उभा राहतो. बघणाऱ्यांना हायसं वाटतं, कुणीतरी देवाला नारळ बोलतं. पण हिरड्या विटकरी किंवा जांभळट दिसत असतील, कान आणि पाय गार पडले असतील, नाडी धावतच असेल, तर ती शांतता आतडं मेल्याची किंवा फुटल्याची असते. दुःख पाहणाऱ्याला आधी स्वतःचं दुःख थांबावंसं वाटतं. घोडा गप्प झाला की ते थांबतं, आणि नेमकं तेव्हा लक्ष ढळतं.

गांधीजींची चौथी अट इथे जास्त खोलात नेते. घोड्याला इच्छा सांगता येत नाही हे उघड आहे. तो वेदना मात्र अगदी स्पष्ट सांगतो. यातना होत आहेत याचा अर्थ मरायचं आहे असा होत नाही. पण शस्त्रक्रिया हवी आहे असाही होत नाही. माणूस उद्याच्या आशेवर आजचं दुखणं सोसतो. पोटावरची लांब जखम, नाकातली नळी, शिरेतली सलाईन, खुरांचा दाह टाळण्यासाठी बर्फात बुडवून ठेवलेले पाय, हे सगळं कशासाठी चाललंय हे पेशंट माणूस असता तर समजावता आलं असतं. घोड्याला ते समजावण्याचा मार्ग नाही. त्याच्यासाठी ते दिवस म्हणजे नुसतंच दुखणं आणि बंदी, त्याला पुढचा अर्थ नाही. त्याच्या वतीनं ‘वाचवा’ म्हणणारा माणूस त्या दिवसांचं कर्ज घोड्याच्या नावावर काढत असतो. ते फिटण्याची वाजवी शक्यता नसेल तर ते काढू नये.

नॉर्दर्न डान्सर हे घोड्यांच्या शर्यतीच्या इतिहासातलं मोठं नाव. 1964 ची केंटकी डर्बी त्यानं जिंकली, आणि त्याच्या वंशजांनी पुढे जगभरच्या शर्यती व्यापल्या. नोव्हेंबर 1990 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, त्याला पोटशुळाचा जोरदार झटका आला आणि त्याला मरण देण्यात आलं. मालकाकडे पैसा नव्हता किंवा घोड्यावर जीव नव्हता, असं कुणी म्हणणार नाही. त्या वयात भूल, चिरफाड आणि त्यानंतरचे आठवडे त्या शरीराकडून मागणं योग्य ठरलं नसतं. सगळं हाताशी असूनही थांबता येणं, ही या वादातली सर्वांत अवघड जागा आहे.

जैन परंपरेचं उत्तर याहून वेगळं आहे आणि ते गंभीरपणे ऐकायला हवं. प्रत्येक जीव आपलं कर्म भोगतो, त्याचं आयुष्य मध्येच तोडण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही. मारणारा हात, हेतू कितीही चांगला असो, स्वतःला बांधून घेतो. या विचारातून पांजरपोळा उभ्या राहिल्या. मुंबईत यात पारशीही सामील होते. 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी लोक रस्त्यावर उतरले, आणि दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि व्यापारी मंडळींच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. पुढे 1886 मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या दवाखान्याला लागून. एका वाटेनं म्हाताऱ्या, मोडक्या जिवाला शेवटपर्यंत आसरा दिला. दुसरीनं त्याला बरं करण्याची विद्या शिकवली. मुंबईला दोन्हींची गरज होती आणि आहे.

जैन आक्षेपातला सगळ्यात धारदार भाग कर्मसिद्धान्ताबाहेरच्या माणसालाही टोचतो. तुम्ही त्या जिवाचं दुःख संपवता आहात, की ते पाहण्याचं तुमचं दुःख? याला सोपं उत्तर नाही. पण पिळलेल्या आतड्यापुढे नुसतं बसून राहणं निर्दोष आहे, हेही मान्य होण्यासारखं नाही. या घोड्याची पैदास माणसानं केली, चराऊ रानातून काढून त्याला चार भिंतींत ठेवलं, गवताऐवजी दाणा घातला. त्याच्या दुखण्यात माणसाचा हात आधीच आहे. आतडं मेलं आहे हे पक्कं झाल्यावर पुढचे तास त्याला तसंच सोडणं म्हणजे हात काढून घेणं नव्हे, तर नेमक्या गरजेच्या वेळी पाठ फिरवणं आहे. देशाचा कायदाही इतपत जातो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या तेराव्या कलमात, ज्याला जिवंत ठेवणंच क्रूर ठरेल अशा जनावराला मरण देण्याची तरतूद आहे.

पैठणच्या एकनाथांची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. रामेश्वरासाठी नेत असलेल्या कावडीतलं गंगाजल त्यांनी तहानेनं तळमळणाऱ्या गाढवाला पाजलं. दयेची याहून मोठी कथा मराठी माणसाला आठवायची नाही. पण त्याच गाढवाच्या भावकीतला घोडा आतडं अडकून तळमळत असेल आणि कुणी कळवळून त्याच्यापुढे बादली ठेवली, तर ते पाणी त्याच्या तुडुंब जठरात साठेल. वर यायला वाट नाही, खाली जायला वाट नाही. ते पाणी त्याला मारेल. नाथांनी गाढवाची तहान ओळखली होती, म्हणून ते पाणी जीवनदान झालं. कळवळा दोन्हीकडे सारखाच, ओळख वेगळी. अहिंसेच्या चर्चेत हेतूवर फार बोललं जातं, या ओळखीवर फार थोडं.

आता पैशाचं बोललंच पाहिजे. घोड्याचं पोट उघडण्याची सोय, तशी भूल देणारी माणसं, भूल उतरताना घोडा धडपडून पाय मोडून घेऊ नये म्हणून गाद्या लावलेली खोली, हे सगळं देशात मोजक्याच ठिकाणी आहे आणि त्याचा खर्च मोठा आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणारा घोडा आणि माथेरानच्या लाल मातीत पर्यटकांना पाठीवरून नेणारा घोडा, दोघांच्या आतड्याला एकाच रात्री सारखाच पीळ पडला, तर एकाचा रोग साध्य असतो आणि दुसऱ्याचा असाध्य. अंकुराच्या तळाशी काहीच फरक नाही. फरक मालकाच्या खिशात आणि दवाखान्याच्या अंतरात आहे. गांधीजींची तिसरी अट, मदत अशक्य असण्याची, माथेरानच्या घोड्याला लागू होते, रेसकोर्सवरच्या घोड्याला नाही. माथेरानच्या त्या घोडेवाल्यानं घोड्याला वेळेत मरण देववलं तर त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्याचं पोट त्या घोड्यावर आहे, आणि उद्या सकाळी त्याला पोरांच्या जेवणाचंही बघायचं आहे. ज्यांनी त्या पाठीवर बसून डोंगर पाहिला, त्यांचं या दुखण्याशी काही देणं लागतं का, हा प्रश्न मात्र विचारायला हवा.

म्हणून दयामरणाच्या वादाची वेळ बहुधा चुकते. प्रश्न विचारला जातो तेव्हा घोडा जमिनीवर असतो, रात्र झालेली असते, मालक फोनवर रडत असतो आणि डॉक्टर घड्याळ बघत असतो. त्या क्षणी सुचलेली नीती घाबरलेली असते. घोडा धडधाकट असताना मालकानं आणि डॉक्टरांनी एकदा बसून बोलावं: शस्त्रक्रियेचा खर्च झेपेल का, कुठवर, या वयाच्या घोड्याला ती करायची का, रात्री गाडी कोण देणार, मालकाचा फोन लागला नाही तर शब्द कुणाचा चालेल. त्याचं उत्तर मोतद्दारालाही माहीत असावं, कारण घोडा कुशीकडे बघतोय हे पहिल्यांदा त्याच्याच नजरेला पडतं.

त्याच्याही आधीचं काम आणखी साधं आहे. घोड्याच्या आतड्याचा रक्तपुरवठा तोडणारं एक जुनं कारण म्हणजे स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस नावाचा जंत. त्याच्या अळ्या आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य धमनीत घर करतात, तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पुढचा भाग उपाशी पडतो. 1980 च्या दशकात आयव्हरमेक्टिन घोड्यांसाठी आलं आणि ज्या पागांमध्ये ते नेमानं दिलं गेलं तिथे हा आजार झपाट्यानं मागे हटला. चंदीत अचानक बदल न करणं, चारा पुरेसा आणि पाणी स्वच्छ ठेवणं, घोड्याला रोज मोकळं फिरू देणं, लीद तपासून त्यानुसार जंताचं औषध देणं, याला शल्यविशारद लागत नाही, आणि हा खर्च माथेरानच्या घोडेवाल्यालाही झेपतो.